वाणाची पुस्तकं

“वाण परत न्यायला आलात?”

शिंपी आळीतल्या शकुंतलावहिनींनी हे इतक्या हळू विचारलं की मला वाटलं, त्यांना माझा नेमकेपणा आवडला. मी हसून मान हलवली. हातात वही, कानावर पेन्सिल, खांद्याला रिकामी शबनम. माळशेंद्र्याच्या सार्वजनिक वाचनालयाचा ग्रंथपाल या नात्याने मी त्या सकाळी पहिल्यांदाच दारोदार पुस्तकं गोळा करायला निघालो होतो आणि हे माझं पहिलं दार होतं.

“हो, पंधरा दिवस झाले ना,” मी म्हणालो. “वाचून झालं असेल तर द्या. झालं नसेल तर आणखी आठ दिवस ठेवा, माझी काही हरकत नाही.”

वहिनींनी पदर तोंडाला लावला. आतून आवाज आला, “कोण हाय गं?”

“वाचनालयाचे ढवळेभाऊ. संक्रांतीचं वाण परत मागतायत.”

आत भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला आणि मग काठीचा. वहिनींच्या सासूबाई दारात आल्या. त्यांना सगळी आळी जिजी म्हणायची. कमरेत वाकलेल्या, पण आवाज ताठ.

“दिल्यालं वाण माघारी? माझ्या सुनंच्या वटीत घातल्यालं? अरं, तुझ्या आईनं तुला काय शिकिवलं का न्हाई?”

“जिजी, ते वाचनालयाचं पुस्तक आहे. शिक्का आहे त्यावर.”

“कुकू बी हाय त्यावर. आता सांग, कुणाचा शिक्का मोठा?”

याचं उत्तर माझ्या वहीत नव्हतं. जिजींनी काठी उगारली, तेव्हा मी उलट्या पावलांनी पायऱ्या उतरलो आणि एक चप्पल तिथेच सोडून आलो. ती त्यांच्या नातवाने खिडकीतून माझ्याकडे फेकली.

पुढच्या पाच दारांत काठी नव्हती, एवढाच काय तो फरक. एका घरी पुस्तक देवघरात ठेवलेलं होतं, वर अक्षता. एका घरी काचेच्या कपाटात, लाकडी बाहुलीशेजारी. सोनारांच्या मीनाक्षीवहिनींनी तर चहा केला, पुस्तक कसं आवडलं ते अर्धा तास सांगितलं, रडू कुठे आलं तेही सांगितलं, आणि मी हात पुढे केल्यावर म्हणाल्या, “छे हो! वाण कुणी परत देतं का? आमच्या ह्यांचं काही बरंवाईट व्हायचं.”

अकरा वाजता मी रिकामी शबनम घेऊन परत आलो आणि टेबलावर डोकं ठेवून बसलो. एकशे बारा पुस्तकं गेली होती आणि ती मीच, स्वतःच्या हौसेने, तबकात मांडून दिली होती.

त्याचं असं झालं. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. नगरकडून नोकरीसाठी आलेलो, खोली भाड्याची, डबा खानावळीचा. वाचनालय म्हणजे जुन्या धर्मशाळेच्या दोन खोल्या आणि मागचा ओटा. सकाळी वर्तमानपत्राला पुरुषांची झुंबड उडायची. चार पेपर, चाळीस माणसं, शब्दकोडं कोणी आधी सोडवायचं यावरून रोज कुरबूर. महिला सभासद होत्या अकरा, पण त्यातली एकही मी डोळ्यांनी पाहिली नव्हती. त्या चिठ्ठ्या पाठवायच्या. एकीचे यजमान दर आठवड्याला एकच चिठ्ठी आणत, ‘मागच्यासारखं नको.’ मागचं कसलं होतं आणि ते का नको, हे त्यांनाही माहीत नसे.

एका डिसेंबरात मला कल्पना सुचली. संक्रांतीचं हळदीकुंकू वाचनालयातच करायचं. गावातल्या बायका चार भिंतींच्या आत येतील, कपाटं बघतील, आणि प्लास्टिकच्या डब्यांऐवजी वाण म्हणून प्रत्येकीला एकेक पुस्तक मिळेल. पंधरा दिवसांत वाचून परत करायचं आणि दुसरं न्यायचं. कल्पना मला इतकी आवडली की मी त्या रात्री खानावळीत दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. मला बहीण नाही, आणि लहानपणी वाणाशी माझा संबंध आईच्या हातातल्या तिळगुळापुरता. वाण हा दिल्या-घेतल्यानंतर संपलेला व्यवहार असतो, ते परत करणं अशुभ, परत मागणं तर विचारूच नका, हे मला कोण सांगणार?

अध्यक्ष अप्पासाहेब कुंभोजकर सांगू शकले असते. त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि बायकांच्या सणवारांवर त्यांचं पोट होतं. पण मी ‘वाण’ म्हणालो तेव्हा त्यांना वाटलं मी देणगीची पुस्तकं वाटणार, आणि मला वाटलं त्यांना ‘पंधरा दिवसांत’ ऐकू गेलंय. दोघेही खूश झालो.

खरी मेहनत घेतली द्वारकामावशींनी. द्वारकामावशी जिनगर वाचनालयाची पुस्तकं बांधायच्या. नवऱ्याचा बाइंडिंगचा धंदा होता. तो गेला तेव्हा मावशी तिशीच्या आत होत्या, पोटी एक मुलगी. दाभण, दोरा आणि खळीचं पातेलं त्यांनी त्याच आठवड्यात हाती घेतलं, त्याला एकोणीस वर्षं झाली होती. दर गुरुवारी त्या मागच्या ओट्यावर येऊन बसत. सुटलेलं पान हाती आलं की ते कुठल्या पुस्तकाचं, हे त्या कागदाच्या वासावरून सांगत, आणि मी तपासायला गेलो की माझीच फजिती होई. बांधता बांधता पुस्तक वाचूनही टाकत. गावात सगळ्यात जास्त वाचलेलं माणूस कोण, असं कुणी विचारलं असतं तर उत्तर मागच्या ओट्यावर होतं. पण तसं कुणी विचारत नसे.

“वाणाचं म्हणजे नीटनेटकं पायजे,” त्या म्हणाल्या आणि नऊ दिवसांत एकशे बारा पुस्तकं नवी करून दिली. कुणाला पुठ्ठा, कुणाला पाठीवर नवं कापड. बोटांच्या पेरांना खळ वाळून पापुद्रे आले होते.

हळदीकुंकवाच्या दिवशी दुपारी तीनलाच त्या दाभण गुंडाळायला लागल्या.

“मावशी, आत्ता कुठे निघालात? बायका यायला लागतील. थांबा की.”

“घरी पीठ चाळायचं राह्यलंय,” मावशी म्हणाल्या.

“पीठ उद्या चाळा.”

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग हसल्या आणि गेल्या. मला वाईट वाटलं, पण लगेच दारात बांगड्या वाजल्या आणि मी ते विसरलो.

काय गर्दी झाली म्हणता! एकशे बारा पुस्तकं तासाभरात संपली. अप्पासाहेबांच्या पत्नी सुमनकाकू मधोमध उभ्या राहून हळदीकुंकू लावत होत्या, पुस्तकावर एक बोट हळदीचं, एक कुंकवाचं, आणि पुस्तक थेट ओटीत. मी देवघेवीची वही घेऊन पुढे झालो, तर त्यांनी मला कोपरानेच मागे सारलं.

“वाण देताना सह्या घेतात का कुठे? जा बरं, तुम्ही कपाटामागे उभे राहा. बायका लाजतायत.”

मी कपाटामागे उभा राहिलो. आयुष्यात इतका आनंद मला क्वचितच झाला असेल.

त्यानंतर पंधरा दिवस एकही पुस्तक आलं नाही. मग शिंपी आळीतली सकाळ झाली, ती सांगितलीच. आईला पत्र टाकलं, तिचं उलट टपाली कार्ड आलं, त्यावर दोन ओळी, ‘वाण परत मागू नये. तब्येतीला जप.’

आणि त्याच टपालात दुसरं पत्र. जिल्ह्याहून निरीक्षक येणार, रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकरा वाजता. आमच्या वाचनालयाचा वर्ग वाढवून मागितला होता, त्याची तपासणी. नोंदवहीत जेवढी पुस्तकं तेवढी कपाटात दिसली पाहिजेत, नाहीतर सभासदाच्या नावावर सहीनिशी लिहिलेली पाहिजेत. आमची एकशे बारा पुस्तकं कपाटात नव्हती आणि वहीतही नव्हती. वर्ग वाढणं सोडाच, एवढी तूट दिसली तर मान्यता जाणार आणि धर्मशाळेच्या त्या दोन खोल्यांना कुलूप लागणार. हातात पाच दिवस होते.

मी धावत दुकानात गेलो. अप्पासाहेबांनी पत्र वाचलं आणि कापड मोजायच्या गजाने डोकं खाजवलं.

“अप्पा, निदान काकूंना सांगा. त्यांनी आपलं पुस्तक परत दिलं तर बाकीच्या देतील.”

“ढवळे,” अप्पासाहेब खालच्या आवाजात म्हणाले, “घरात माझं चालत असतं तर मी अध्यक्ष कशाला झालो असतो?”

त्या गुरुवारी मागच्या ओट्यावर मी मावशींसमोर बसलो आणि सगळं सांगितलं. राजीनामा लिहून खिशात ठेवलाय, तेही सांगितलं. मावशी एका शब्दकोशाची पाठ शिवत होत्या.

“राजीनाम्यात शुद्धलेखन बघितलंत का?” त्या म्हणाल्या.

“मावशी, चेष्टा नका करू.”

“चेष्टा न्हाई. आता ऐका. बाया पुस्तकं माघारी देणार न्हाईत. त्यांचं चुकलं बी न्हाई. वाण ज्यानं दिलं त्याला माघारी जात नसतं.” त्यांनी दोरा ओढून घेतला. “पर फुडं जातं. एकीकडनं आल्यालं दुसरीला लुटतात की. रथसप्तमीपातूर हळदीकुंकू चालतंय.”

“पण दुसरी कोण? सगळ्यांकडे एकेक आहे. ह्या तिला देणार, ती हिला. फिरून फिरून गावातच.” आणि मग मी जे बोललो ते विचार करून बोललो नव्हतो, देवाशपथ सांगतो. “मावशी, तुमच्याकडे नाहीये! त्या सगळ्या तुम्हालाच देऊ देत की वाण. काम झालं!”

दाभण थांबलं. मावशींच्या मोकळ्या कपाळाकडे माझं लक्ष गेलं, आणि त्या दिवशी तीन वाजता त्या पीठ चाळायला का गेल्या ते मला एकदम समजलं. तोवर समजलं नव्हतं, याची मला आजही लाज वाटते. नऊ दिवस हात सोलून घेऊन जिने ती वाणं सजवली, तिलाच मी ‘पीठ उद्या चाळा’ म्हणालो होतो.

“मावशी, मी...”

“आज लवकर जाते,” त्या म्हणाल्या आणि शब्दकोश अर्धवट ठेवून निघाल्या. असं त्यांनी कधीच केलं नव्हतं.

शुक्रवार त्यांचा वार नव्हता. तरी सकाळी कुलूप काढायला गेलो तर मावशी पायरीवर बसलेल्या.

“एक इचारते. काल बोललात ते माझी कीव येऊन, का पुस्तकांपायी?”

गोड बोलायचा मोह झाला, पण मी खरं ते सांगितलं. “पुस्तकांपायी. कीव करायला मला काही माहीतच नव्हतं, मावशी.”

त्यांनी सुस्कारा सोडला, आणि चक्क हसल्या.

“मग बसते. कीव करून बोलिवलं असतं तर आले नसते. एकोणीस वर्सांत तशी चार बोलावणी आली, चारीला न्हाई म्हनले. पर पुस्तकं माझ्या हातची हायती. जा, काकूंना सांगा.”

सुमनकाकू झोपाळ्यावर बसून शेवया वाळत असलेल्या पाटांवर लक्ष ठेवून होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा बघून मी दाराकडे दोन पावलं सरकलो, शिंपी आळीचा अनुभव होता.

“द्वारका बसेल म्हणाली?” त्यांनी विचारलं. “तिने स्वतः सांगितलं?”

“हो.”

काकूंनी पायाने झोपाळा थांबवला. “माझ्या लग्नाच्या वर्षीच तिचं लग्न,” त्या म्हणाल्या. “पहिल्या संक्रांतीला आम्ही दोघी एकत्र फिरलो होतो, हातात हात घालून. तो गेल्यावर मी तिच्या दारावरून जाते तेव्हा करंडा पदराखाली घेते. तिला दिसू नये म्हणून. तिला वाईट वाटू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगते.”

मी शेवयांवर बसलेली माशी हाकलली.

“मी येईन,” काकू म्हणाल्या. “पण मी कुणाला या म्हणणार नाही. निरोप तुम्ही द्या. ज्या येतील त्या त्यांच्या मनाने येतील.”

मी निरोप दिला. विचारत विचारत, एकशे बारा दारांत. शिंपी आळीत लांबूनच ओरडून दिला.

रथसप्तमीला दुपारी चार वाजता वाचनालयाच्या मोठ्या खोलीत मी एक खुर्ची मांडली. मावशी निळं धुवट लुगडं नेसून आल्या, नखांतली खळ घासून काढलेली. खुर्चीच्या कडेला बसल्या, उठून पळायची तयारी असल्यासारख्या. मी कपाटामागे उभा राहिलो. तिथली सवय झाली होती.

सव्वाचार झाले. साडेचार झाले. रस्त्यावरून कुठलीतरी सायकल गेली.

“चला, शब्दकोश तरी पुरा करते,” मावशी म्हणाल्या आणि उठल्याच.

“बस गं,” दारातून आवाज आला. सुमनकाकू. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात करंडा, उघडाच, पदराबाहेर. त्या मावशींसमोर येऊन उभ्या राहिल्या. बोट कुंकवात बुडवलं, पण ते तिथेच थांबलं.

“लावू?”

मावशींनी मान हलवली, हो की नाही ते मला मागून कळलं नाही. काकूंना कळलं. त्यांनी कुंकू लावलं, वाकडं लागलं, आणि पुस्तक ओटीत ठेवताना म्हणाल्या, “माझ्याकडून उशीर झाला गं.” मावशी म्हणाल्या, “पानं दुमडलीस का यातली?” आणि मग त्या दोघी एकदमच रडायला लागल्या आणि हसायलाही.

तेवढ्यात मला दारात दिसल्या मीनाक्षीवहिनी. त्यांच्या मागे तीन. त्या तिघींच्या मागे रस्त्यावर आणखी काही, घुटमळणाऱ्या, एकमेकींना पुढे ढकलणाऱ्या. एकदा पहिली आत शिरली आणि मग रांगच लागली. मावशींच्या ओटीत पुस्तकं मावेनात, मी एकेक थप्पी टेबलावर लावायला लागलो. मावशी प्रत्येक पुस्तक पारखून घेत होत्या. “हळद सांडलीस का यावर... हे कुणी नळावर नेलं होतं?... अगं, शेवटचं पान कुठाय?” देणाऱ्या बायका शाळेतल्या मुलींसारख्या सबबी सांगत होत्या.

शकुंतलावहिनी आल्या तेव्हा मी कपाटाला आणखी चिकटलो, कारण मागे काठी वाजत होती. जिजी थेट मावशींसमोर जाऊन थांबल्या.

“आनि एक खुर्ची टाका,” जिजी म्हणाल्या.

“जिजी?” वहिनी घाबरून म्हणाल्या.

“माझा म्हातारा जाऊन सात वर्सं झाली. सात वर्सं तुमी हिकडं तिकडं मिरवताय आनि मी भांडी राखतीय. हिला दिलं, मला का न्हाई? का मी काय वाचनालय बुडिवलंय?”

मी खुर्ची आणली. जिजी बसल्या आणि काठी खुर्चीला टेकवली. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण चित्रांची पुस्तकं त्यांनी अगदी निवडून निवडून आपल्या ओटीत घेतली. आणखी दोघी जणी दाराशी होत्या, आत यावं की नको असं करत. त्यांनाही बसवलं.

सहा वाजेपर्यंत टेबलावर एकशे बारा पुस्तकं होती. मी तीनदा मोजली. मला नाचावंसं वाटत होतं. मी शबनम घेऊन थप्प्या उचलायला पुढे झालो, तोच जिजींनी काठी आडवी घातली.

“थांब. हे कुठं न्हेतोस?”

“कपाटात, जिजी.”

“म्हंजे वाण माघारी वाचनालयालाच? त्येच की मग! तवा न्हाई चाललं, आता कसं चालंल?”

बायकांत कुजबूज सुरू झाली. जिजी बरोबर बोलत होत्या. मी काकूंकडे बघितलं. काकूंनी माझ्याकडे बघितलं. एवढं सगळं होऊन मी पुन्हा शिंपी आळीच्या पायरीवरच उभा होतो.

मावशी खुर्चीतून उठल्या. कुंकू नाकापर्यंत ओघळलं होतं.

“माघारी कसं, जिजी? वाचनालयानं मला कुठं दिलं हुतं?” त्या शांतपणे म्हणाल्या. “त्या दिवशी समद्यांना दिलं. मला न्हाई, तुमाला न्हाई, ह्या दोघींना न्हाई. मला दिलंय ह्या बायांनी. मी हे वाचनालयाला देते, ती माझी भेट. त्या दिवशी मला वाण मिळालं असतं तर आज ह्यातलं एक बी पुस्तक कपाटात गेलं नसतं.”

त्या एकशे तेराव्या वाणाचा हिशेब मी आजवर केला नव्हता, तो त्यांनी सगळ्यांसमोर, हसतमुखाने करून दाखवला. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत.

जिजींनी जरा विचार केला. “हां,” त्या म्हणाल्या, “हे बसतंय,” आणि काठी बाजूला घेतली.

“पर एक मी ठेवून घेणार,” मावशी म्हणाल्या. थप्पीतलं सगळ्यात वरचं पुस्तक त्यांनी उचललं. सुमनकाकूंनी दिलेलं, पक्ष्यांवरचं जाड पुस्तक, दाखल क्रमांक चारशे सतरा. “हे माझं वाण. हे काय माघारी मिळायचं न्हाई, ढवळेभाऊ.”

“नाही मागत, मावशी.”

बायका रिकाम्या हातांनी उभ्या होत्या. मग मीनाक्षीवहिनी म्हणाल्या, “आता आम्ही काय वाचायचं?”

“कपाटं तुमच्यासमोर आहेत,” मी म्हणालो आणि देवघेवीची वही उघडली. सुमनकाकू मला कोपराने सारायला आल्या, पण वहीच बघून थांबल्या. “घ्या सह्या,” त्या म्हणाल्या. “हे काही वाण नाही.” त्या संध्याकाळी मला वहीची चार पानं जास्तीची चिकटवावी लागली. खळ मावशींकडे होतीच.

दुसऱ्या दिवशी निरीक्षक आले. जाड भिंगांचा चष्मा, बोलणं जपून. त्यांनी दुपारपर्यंत सगळं मोजलं आणि फक्त दोन प्रश्न विचारले.

“इतक्या पुस्तकांवर हे पिवळे-लाल डाग कसले?”

“वाचकांच्या बोटांचे, साहेब.” ते खोटं नव्हतं.

“आणि चारशे सतरा?”

मी नोंदवही पुढे केली. शेऱ्याच्या रकान्यात मी सकाळीच लिहून ठेवलं होतं, ‘वाण दिले.’ त्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

“कुणाला?”

“आमच्या बाइंडर बाईंना. द्वारकाबाई जिनगर.”

त्यांनी बाहेर ओट्याकडे पाहिलं. मावशी शब्दकोश शिवत होत्या, कपाळावर कालच्या कुंकवाचा फिका डाग. साहेबांनी पेन उघडलं. “खाली तारीख घाला,” ते म्हणाले. “तारखेशिवाय नोंद पुरी होत नाही.”

याला आता एकतीस वर्षं झाली. त्यानंतर दर रथसप्तमीला आमच्याकडे हळदीकुंकू होतं, आणि सगळ्यात पुढे खुर्च्या कुणाच्या असतात हे गावात आता कुणी विचारत नाही. गेल्या महिन्यात मी निवृत्त झालो. नव्या मुलीला चाव्या आणि नोंदवह्या समजावून देत होतो, तेवढ्यात दारात मावशी आल्या. ऐंशी जवळ आलेल्या, हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी चारशे सतरा काढलं. पाठ तीनदा तरी नव्याने बांधलेली, आणि पुठ्ठ्यावर काकूंच्या बोटाचा ठसा अजून तसाच.

“तुमी चालला. नव्या पोरीला मोजताना एक कमी येईल, घाबरंल बिचारी,” त्या म्हणाल्या. “घ्या हे. आता माघारी देते.”

मी हात मागे घेतले.

“मावशी, वाण परत मागायला मी आयुष्यात एकदाच गेलो होतो. चप्पल सोडून पळावं लागलं होतं.”

मावशी खुदकन हसल्या. पुस्तक पुन्हा पिशवीत ठेवलं, पिशवी काखेला मारली आणि त्या नव्या मुलीला म्हणाल्या, “पोरी, रथसप्तमीला माझी खुर्ची खिडकीपाशी टाक. दाराशी वारं लागतं.”